दोन प्रोसेसरच्या जुन्या वर्कस्टेशनवर लिनक्स बसवताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे डिझाइन कार्यालय आहे. फाउंड्रींसाठी पॅटर्न आणि कोअर बॉक्सची (ओतीव भागातील पोकळीच्या साच्याची) ड्रॉइंग करणे आणि ओतीव भागावर भार आला की तो कुठे ताणला जातो याचे गणित करून देणे, हे आमचे काम. गणितासाठी आम्ही फ्रीकॅड आणि त्याच्यासोबत चालणारे कॅल्क्युलिक्स ही सॉफ्टवेअर वापरतो. ऑगस्ट २०२५ पर्यंत हे सगळे चार कोअर (प्रोसेसरमधील गणित करणारे भाग) आणि १६ जीबी रॅम असलेल्या एका साध्या संगणकावर चालत होते. पंपाच्या मोठ्या केसिंगची जाळी, म्हणजे गणितासाठी भागाचे पाडलेले तुकडे, बारीक केली की रॅम संपत असे आणि गणित अर्ध्यावर थांबत असे. शिवाय त्या संगणकावर विंडोज १० होते आणि त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता. नव्या वर्कस्टेशनची दरपत्रके दोन लाखांच्या पुढची आली, तेव्हा जुने, दोन प्रोसेसरचे यंत्र घेऊन त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवावी असे आम्ही ठरवले. या कामात कोणत्या टप्प्यावर काय अडले आणि ते कसे सुटले, हे क्रमाने लिहून ठेवते आहे, कारण अशी यंत्रे आता बाजारात पुष्कळ येत आहेत आणि ती घेणाऱ्याला पहिल्या काळ्या स्क्रीनपाशीच यंत्र खराब निघाले असे वाटू लागते.

पुण्यातील एक अभियांत्रिकी कंपनी आपली जुनी वर्कस्टेशन काढत होती. १ सप्टेंबरला चौकशीची ईमेल पाठवली. त्यांच्या खरेदी विभागाने दरपत्रक दिले, आम्ही लेखी ऑर्डर दिली, १२ सप्टेंबरला एनईएफटीने पैसे भरले. किंमत २४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २८,३२० रुपये. बिल, गेट पास आणि डिस्क काढून घेतल्याचे पत्र अशी तीन कागदपत्रे सोबत आली. जुनी उपकरणे कुणाकडे गेली याची नोंद कंपनीला ठेवायची होती, म्हणून आमचा जीएसटी क्रमांक आणि ओळखपत्रही त्यांनी मागितले. हे कागद जपून ठेवावेत. विनाबिलाचे यंत्र स्वस्त मिळते, पण ते पुढे हिशेबात कुठेच दाखवता येत नाही.

१९ सप्टेंबरला यंत्र टेम्पोने कोल्हापुरात आले. वाहतुकीचे ९०० रुपये झाले. वजन वीस किलोहून जास्त असल्याने ते दोघांनी उचलून आत आणले. आत इंटेलचे दोन झिऑन एक्स५६५० प्रोसेसर होते. २०१० सालचा हा प्रोसेसर प्रत्येकी सहा कोअरचा, २.६६ गिगाहर्ट्झचा आणि ९५ वॉटचा. दोन मिळून बारा कोअर आणि चोवीस थ्रेड (प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामे हाताळतो). रॅम ४८ जीबी, ४ जीबीच्या बारा पट्ट्या. प्रत्येक प्रोसेसरच्या वाट्याला सहा. या पिढीत रॅम मदरबोर्डच्या मधल्या चिपला न जोडता थेट प्रोसेसरला जोडलेली असते, आणि प्रत्येक प्रोसेसरला रॅमशी जोडणारे तीन मार्ग, म्हणजे चॅनेल, असतात. आमच्या यंत्रात दुसरा प्रोसेसर आणि त्याची रॅम एका वेगळ्या उभ्या बोर्डवर आहेत. ही रचना नीट समजून घेणे मला पुढच्या सगळ्या कामात सर्वांत उपयोगी पडले.

यंत्राला वीज देण्यापूर्वी आम्ही आधी जागेची वीज तपासली. उद्यमनगरात एकाच लाइनवर वेल्डिंग मशीन, लेथ आणि ग्राइंडर चालतात. शेजारच्या वर्कशॉपमधील काका इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी मीटर लावून पाहिले तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये ९ व्होल्ट येत होते. काका म्हणाले, “ताई, आधी अर्थिंग करून घ्या, मशीनला नंतर हात लावा.” जागामालकांनी अर्थिंगचा खड्डा नव्याने भरून घेतला आणि तार बदलली, खर्चही त्यांनीच केला. त्यानंतर ते व्होल्टेज दोनच्या खाली आले. अशा यंत्राचा एसएमपीएस (आतील वीजपुरवठ्याचा भाग) हजार वॉटच्या वरचा असतो, त्यामुळे घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस त्याला पुरेल अशी अपेक्षा ठेवू नये. यंत्र स्वस्थ असताना सुमारे १५० वॉट आणि पूर्ण भारावर ३५० वॉटच्या आसपास ओढते, असे प्लगला लावलेल्या मीटरवर दिसले.

मग सफाई. ब्लोअरने धूळ काढली, दोन्ही प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट स्पिरिटने पुसून नवी लावली, आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला. सेल, पेस्ट, स्पिरिट मिळून ४५० रुपये. हा छोटा सेल विसरू नये. तो संपलेला असेल तर प्रत्येक वेळी बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग पुसल्या जातात आणि तारीख कित्येक वर्षे मागे जाते. तारीख मागे असली की लिनक्सचे पॅकेज उतरवताना यादी अजून वैध झालेली नाही अशा अर्थाचा संदेश येतो आणि माणूस इंटरनेट तपासत बसतो.

दुसरा प्रोसेसर लगेच जोडायचा नाही, असे आम्ही सुरुवातीलाच ठरवले होते. ओतकामात साच्याचा वरचा आणि खालचा बॉक्स बंद करण्यापूर्वी प्रत्येक अर्धा वेगळा तपासतात, कारण एकदा धातू ओतला की दोष कोणत्या अर्ध्यात होता हे सांगणे अवघड होते. दोन प्रोसेसरच्या यंत्राचेही तसेच आहे. उभा बोर्ड काढून ठेवला आणि एक प्रोसेसर व २४ जीबी रॅम एवढ्यावर यंत्र सुरू केले. बायोसने आकडे बरोबर दाखवले. सोमवारी, २२ सप्टेंबरला घटस्थापना होती. त्या रात्री मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून लावून ठेवला. सकाळी एकही चूक नव्हती.

आता कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, हा प्रश्न. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. हे यंत्र त्या यादीत बसत नाही. विंडोजच्या होम आवृत्तीचा आणखी एक मुद्दा अनेकांना ठाऊक नसतो: ती कोअर कितीही असले तरी सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) एकच वापरते. दोन प्रोसेसरसाठी प्रो आवृत्ती लागते. त्यामुळे कुणी अशा यंत्रावर होम बसवली आणि निम्मे कोअर दिसले नाहीत, तर दोष यंत्राचा नसतो. लिनक्समध्येही आता वयाची अट येऊ लागली आहे. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० ला एक्स८६-६४-व्ही३ ही पातळी, म्हणजे एव्हीएक्स२ सूचना समजणारा प्रोसेसर लागतो, आणि एक्स५६५० मध्ये त्या सूचना नाहीत. तो व्ही२ पातळीवर थांबतो. नवव्या आवृत्तीला व्ही२ चालते, आणि रेड हॅटशी जुळणाऱ्या अल्मालिनक्सने दहाव्या आवृत्तीचीही व्ही२ साठी वेगळी बांधणी दिली आहे. पण रेड हॅटने जुन्या डिस्क कंट्रोलरचे काही ड्रायव्हर आठव्या आवृत्तीपासूनच काढले आहेत. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेले डेबियन १३ हे लिनक्स मात्र कोणत्याही ६४ बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर चालते, त्याचे ६.१२ कर्नल (सिस्टिमचा गाभा) दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या मालिकेतले आहे आणि फ्रीकॅड व कॅल्क्युलिक्स दोन्ही त्याच्या भांडारात तयार मिळतात. आम्ही डेबियन निवडले. जुन्या यंत्रासाठी ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना तिचे रूप किंवा लोकप्रियता यांपेक्षा ‘माझा प्रोसेसर कोणत्या पातळीचा आहे’ हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

डेबियनची आयएसओ फाइल उतरवून तिचा एसएचए५१२ आकडा (फाइल जशीच्या तशी आली का हे दाखवणारा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि मग ती पेनड्राइव्हवर जशीच्या तशी लिहिली. पेनड्राइव्ह लिहिण्यासाठी विंडोजवर रुफस हा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी ‘डीडी’ पद्धत निवडावी. २०१० च्या काळातील या बायोसमध्ये यूईएफआय ही नवी पद्धत नाही, त्यामुळे लॅपटॉपसाठी दिलेला सिक्युअर बूट बंद करण्याचा सल्ला येथे लागू होत नाही. ती सेटिंग शोधण्यात वेळ घालवू नये. पेनड्राइव्ह समोरच्या पोर्टवर दिसला नाही, मागच्या यूएसबी २.० पोर्टवर दिसला, आणि तोही बूटच्या यादीत ‘यूएसबी’ या नावाखाली नव्हे तर हार्ड डिस्कच्या उपयादीत.

२५ सप्टेंबरला इन्स्टॉलर सुरू झाला. डेबियनच्या ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडता येते, आणि ते पाहून खरोखर आनंद झाला. तरीही अशा यंत्रावर पहिल्यांदा बसवताना इंग्रजी ठेवावी असे मी सुचवेन, कारण अडचणीच्या वेळी संदेशाचे मूळ शब्द शोधायचे असतात.

डिस्कच्या पायरीवर पहिला अडथळा आला. ५०० जीबीची नवी एसएसडी ३,२०० रुपयांना आणि ४ टीबीची हार्ड डिस्क ८,९०० रुपयांना घेतली होती. एसएसडी व्यवस्थित दिसली, पण ४ टीबीची डिस्क २.२ टीबीच दिसत होती. ती यंत्रातील एसएएस कंट्रोलरच्या (सर्व्हरच्या डिस्क जोडणाऱ्या चिपच्या) पोर्टला जोडलेली होती. त्या पिढीचे एसएएस कंट्रोलर सेक्टरची, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची, संख्या ३२ बिटांत मोजतात. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला तर २.२ टीबीपाशी मोजणी संपते. डिस्क मदरबोर्डच्या साध्या साटा पोर्टवर हलवताच पूर्ण ४ टीबी दिसली. त्याच वेळी बायोसमध्ये साटाची पद्धत ‘रेड’वरून (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची) ‘एएचसीआय’वर (प्रत्येक डिस्क स्वतंत्र दाखवण्याची) आणली. जुन्या पद्धतीच्या एमबीआर विभागणीलाही हीच २.२ टीबीची मर्यादा आहे, म्हणून मोठ्या डिस्कवर जीपीटी विभागणी केली. एसएसडी लहान असल्याने तिच्यावर एमबीआर चालले. ज्यांना मोठ्या डिस्कवरूनच यंत्र सुरू करायचे आहे आणि बायोस जुने आहे, त्यांनी जीपीटीसोबत १ एमबीचा ‘बायोस बूट’ विभाग ठेवावा, नाहीतर ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, बसत नाही. जुन्या रेड जोडीतून काढलेली डिस्क वापरणार असाल तर तिच्यावरच्या रेडच्या खुणा ‘वाइपएफएस’ने आधी पुसाव्यात, अर्थातच तिच्यातील माहिती दुसरीकडे उतरवून झाल्यावर.

इन्स्टॉल पूर्ण झाले, यंत्र पुन्हा सुरू झाले, ग्रबची यादी दिसली आणि त्यानंतर स्क्रीन काळी पडली. कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा मात्र दाबल्यावर लागत आणि विझत होता. ही साधी खूण फार कामाची आहे: दिवा प्रतिसाद देत असेल तर कर्नल जिवंत असते आणि अडचण चित्र दाखवण्यात असते. ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडला आणि एफ१० दाबले. स्क्रीन आली, कमी रेझोल्यूशनची, पण वाचता येण्याजोगी. यंत्रासोबत आलेले ग्राफिक्स कार्ड एका जुन्या पिढीचे होते आणि त्याच्या ड्रायव्हर मालिकेचा निर्मात्याकडचा आधार २०२२ च्या अखेरीस संपलेला होता. हे सगळे एकाच प्रोसेसरवर घडले, त्यामुळे काळ्या स्क्रीनचा दुसऱ्या प्रोसेसरशी संबंध नाही हे आपोआप सिद्ध झाले. दोन्ही प्रोसेसर लावूनच सुरुवात केली असती तर हा निष्कर्ष काढायला पुष्कळ वेळ गेला असता.

सुरू होतानाच्या संदेशांत एक लांब इशारा होता: बायोसने इंटरप्ट रीमॅपिंग (उपकरणांकडून प्रोसेसरला येणारे संकेत वळवण्याची सोय) चालू ठेवले आहे, या चिपसेटमध्ये त्या सोयीत ज्ञात दोष आहे, म्हणून ती बंद करत आहोत, बायोसचे नवे रूप घ्या. इंटेलच्या ५५०० आणि ५५२० चिपसेटच्या यंत्रांवर हा इशारा दिसतो. तो वाचून धसका बसतो, पण कर्नल स्वतःच ती सोय बंद करून पुढे जाते. हा इशारा बाजूला नोंदवून ठेवला. त्या रात्री ‘स्ट्रेस-एनजी’ने सहाही कोअरवर भार टाकून ठेवला. यंत्र सकाळपर्यंत नीट चालले.

२७ सप्टेंबरला उभा बोर्ड जोडला. येथे एक दिलासा देणारी गोष्ट सांगायला हवी. विंडोज २००० च्या काळात एका प्रोसेसरवर बसवलेल्या सिस्टिममध्ये दुसरा प्रोसेसर जोडला की तिचा हार्डवेअरशी बोलणारा थर, म्हणजे एचएएल, बदलावा लागे आणि पुष्कळदा सिस्टिम नव्याने बसवावी लागे. लिनक्समध्ये अनेक प्रोसेसरचा आधार १९९६ सालच्या २.० कर्नलपासून आहे, आणि आजचे डेबियनचे कर्नल एक असो वा दोन, तेच असते. त्यामुळे काहीही पुन्हा बसवावे लागले नाही. यंत्र सुरू होताच चोवीस थ्रेड दिसले. ४८ जीबी रॅमवर रात्रभर मेमटेस्ट लावली, तीही स्वच्छ आली.

तरीही भार टाकला की अर्ध्या-पाऊण तासात यंत्र थिजत होते. माउस नाही, कीबोर्ड नाही, कॅप्स लॉकचा दिवाही नाही. माझा सगळ्यांत जास्त धीर खचला तो या टप्प्यावर, कारण मेमटेस्ट रॅमला निर्दोष म्हणत होती आणि पहिला अर्धा भाग सिद्ध झालेला होता. मग कर्नलला ‘मॅक्ससीपीयूज=१’ हा पर्याय देऊन एकाच कोअरवर चालवले: स्थिर. सर्व कोअरवर: पुन्हा थिजणे. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. कोअरच्या क्रमांकांपैकी पहिले सहा पहिल्या प्रोसेसरचे, पुढचे सहा दुसऱ्याचे असेच असतात असे नाही. काही यंत्रांत ते आलटून पालटून येतात. ‘एलएससीपीयू’ या आज्ञेला तक्ता मागून कोणता कोअर कोणत्या सॉकेटवर आहे हे आधी पाहावे आणि मगच कोअर बंद-चालू करून अनुमान काढावे.

१ ऑक्टोबरला खंडेनवमी. उद्यमनगरात त्या दिवशी यंत्रे धुऊन पुसून, हळदकुंकू आणि झेंडूची माळ वाहून त्यांची पूजा करतात. आमचेही काम बंद होते. न चालणाऱ्या या यंत्राचीही आम्ही तितक्याच मनापासून पूजा केली. दुसऱ्या दिवशी दसरा. प्रत्यक्ष शोध ३ ऑक्टोबरला पुढे सरकला.

त्या दिवशी डेस्कटॉप बंद ठेवून यंत्र केवळ मजकुराच्या स्क्रीनवर सुरू केले, भार टाकला आणि समोर मोबाइल स्टँडवर लावून व्हिडिओ चालू ठेवला. यंत्र थिजले तेव्हा शेवटच्या ओळी स्क्रीनवर राहिल्या: कर्नल पॅनिक, कारण घातक मशीन चेक. डेस्कटॉप चालू असताना हा संदेश त्याच्या मागे झाकला जात होता. मशीन चेक म्हणजे प्रोसेसरनेच कळवलेला हार्डवेअरचा दोष. मग ‘रासडीमन’ हे पॅकेज बसवले. ते कर्नलकडून येणाऱ्या रॅमच्या चुकांची नोंद ठेवते. हलका भार टाकताच दुसऱ्या प्रोसेसरच्या एका चॅनेलवर दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा वाढू लागला. बाकी सगळीकडे शून्य.

मेमटेस्ट स्वच्छ का आली, याचा उलगडा इथे झाला. ही रॅम ईसीसी, म्हणजे चुका स्वतः दुरुस्त करण्याच्या, प्रकारची आहे. एका बिटाची चूक झाली तर मेमरी कंट्रोलर ती वाचतानाच दुरुस्त करतो आणि वरच्या प्रोग्रामला बरोबर आकडा देतो. त्यामुळे मेमटेस्टला चूक दिसतच नाही. भारामुळे पट्टी तापली आणि एकाच वेळी दोन बिटे बिघडली की दुरुस्ती शक्य नसते, आणि मग प्रोसेसर यंत्र थांबवतो. ईसीसी रॅमच्या जुन्या यंत्रावर मेमटेस्ट स्वच्छ आली म्हणून रॅम चांगली असा निष्कर्ष काढू नये. चुकांचा मोजक पाहावा. या संपूर्ण अनुभवातली दुसऱ्यांना सर्वांत जास्त उपयोगी पडेल अशी माहिती मला हीच वाटते.

दोष पट्टीचा की खाचेचा, हे ठरवण्यासाठी ती पट्टी दुसऱ्या चॅनेलवरच्या पट्टीशी अदलाबदल केली. मोजक पट्टीच्या मागे मागे नव्या जागी गेला. म्हणजे खाच, बोर्ड आणि प्रोसेसर ठीक होते, पट्टी खराब होती.

शाहूपुरीतील दुकानात चौकशी केली तेव्हा दुकानदार दादांनी स्पष्ट सांगितले, “ताई, साधी डीडीआर३ आत्ता देतो, पण सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम आमच्याकडं न्हाई. साधी घेऊन जाऊ नका, चालायची न्हाई.” त्यांच्या या प्रामाणिकपणाबद्दल मी त्यांची ऋणी आहे. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड, म्हणजे साध्या, पट्ट्या एका यंत्रात एकत्र चालत नाहीत, पण खाच सारखीच असल्याने साधी पट्टी बसते मात्र. ४ ऑक्टोबरला ४ जीबीच्या दोन रजिस्टर्ड पट्ट्या, एक वापरायला आणि एक राखीव, ऑनलाइन मागवल्या. कुरिअरसह १,२०० रुपये. मागवताना पट्टीवरच्या लेबलचा पूर्ण क्रमांक दिला.

पट्ट्या येईपर्यंत प्रत्येक प्रोसेसरला तीनच, म्हणजे प्रत्येक चॅनेलला एक, अशा सहा पट्ट्या ठेवून २४ जीबीवर यंत्र चालवले. एकच खराब पट्टी काढून बाकी अकरा ठेवता आल्या असत्या, पण त्यामुळे चॅनेल असमान होतात आणि वेग घटतो. यंत्र या स्थितीत एकदाही थिजले नाही.

रविवारी, ५ ऑक्टोबरला बायोस बदलले. निर्मात्याच्या संकेतस्थळावर शेवटची आवृत्ती अजून उपलब्ध होती, पण ती डॉसमधून चालणारी फाइल होती. फ्रीडॉसचा पेनड्राइव्ह करून त्यावर ती ठेवली. परतीच्या पावसात संध्याकाळी वीज जाते, म्हणून सकाळची वेळ निवडली आणि शेजारच्या वर्कशॉपमधून १ केव्हीएचा यूपीएस मागून आणला. बायोस बदलत असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून ही खबरदारी टाळू नये. बदल होण्यापूर्वी जुन्या सेटिंगचे पानापानाचे फोटो काढले होते, कारण नंतर सगळ्या सेटिंग मूळ पदावर जातात. इंटरप्ट रीमॅपिंगचा इशारा त्यानंतर दिसेनासा झाला.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ‘एलएससीपीयू’ सॉकेट दोन दाखवत होते, पण नुमा नोड, म्हणजे एक प्रोसेसर आणि त्याची जवळची रॅम यांचा गट, एकच. बायोसमध्ये नोड इंटरलीव्हिंग चालू होते. म्हणजे दोन्ही प्रोसेसरची रॅम एकत्र मिसळून एकसंध असल्यासारखी दाखवली जात होती. ते बंद केल्यावर दोन नोड दिसले. हा बदल यंत्र चालण्यासाठी आवश्यक नाही, पण वेगासाठी महत्त्वाचा आहे. प्रत्येक प्रोसेसरला आपली रॅम जवळची आणि दुसऱ्याची लांबची असते. मध्यम आकाराचे गणित ‘नुमासीटीएल’ या आज्ञेने एका नोडवर बांधून सहा थ्रेडवर चालवले, तर ते दोन्ही नोडवर विखुरलेल्या चोवीस थ्रेडपेक्षा लवकर संपते, असे आमच्या कामात दिसले. मग दुसरे गणित त्याच वेळी दुसऱ्या नोडवर लावता येते. मोठ्या गणितासाठी बारा थ्रेड ठेवतो. चोवीस लावून फायदा झाला नाही.

१३ ऑक्टोबरला रॅम आली. बारा पट्ट्या पुन्हा बसवल्या, रासडीमन चालू ठेवून रात्रभर भार टाकला, सर्व चॅनेलवर शून्य. जुन्या कार्डाच्या जागी एक वापरलेले लहान रेडिऑन कार्ड १,८०० रुपयांना मिळाले, त्यासाठी डेबियनमधले एएमडीचे फर्मवेअर पॅकेज बसवले आणि ‘नोमोडसेट’ हा शब्द काढून टाकला. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये बदल केल्यावर ‘अपडेट-ग्रब’ चालवावे लागते, त्याशिवाय बदल लागू होत नाही. प्रोसेसरचे मायक्रोकोड पॅकेजही (प्रोसेसरच्या आतील सूचनांची दुरुस्ती) त्याच दिवशी घातले.

दिवाळीनंतर, २७ ऑक्टोबरला पंपाच्या त्याच केसिंगचे गणित बारीक जाळीसह पहिल्यांदा शेवटपर्यंत पूर्ण झाले आणि अहवाल गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीकडे गेला. त्या गणिताचे उत्तर स्क्रीनवर आले तेव्हा कार्यालयातील आम्ही सगळे उठून यंत्रापाशी गेलो होतो.

यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवला आहे: बायोसची आवृत्ती आणि तारीख, बदललेल्या प्रत्येक सेटिंगचे नाव, प्रत्येक खाचेत असलेल्या पट्टीचा क्रमांक, सेल बदलल्याची तारीख. राखीव पट्टी अँटिस्टॅटिक पिशवीत घालून आतच ठेवली आहे. कुणाकडे मदत मागायची झाली तर हा कागद आणि थिजलेल्या स्क्रीनचा फोटो, एवढे दिले तरी समोरच्याला उत्तर देता येते. नुसते “चालू होत नाही” सांगून काही कळत नाही.

एकूण खर्च ४४,७७० रुपये झाला. यंत्रावर भरलेल्या जीएसटीचे ४,३२० रुपये, केंद्राचे २,१६० आणि राज्याचे २,१६०, विक्रेत्या कंपनीने वेळेत विवरण भरल्यामुळे ऑक्टोबरच्या १४ तारखेला आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे वजावट मिळू शकणाऱ्या कराच्या विवरणात, दिसले. त्यापूर्वी बिलावर एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठीचा वस्तूचा क्रमांक) राहिला होता, तो ८४७१ घालून बिल पुन्हा मागवावे लागले आणि त्यात आठवडा गेला. पैसे भरण्याआधीच बिलाचा मसुदा मागून घेतला तर हा वेळ वाचतो. सनदी लेखापालांनी यंत्र मालमत्तेच्या नोंदवहीत संगणकाच्या गटात घेतले. जुने असले तरी आयकराच्या हिशेबात त्यावर ४० टक्क्यांनी घसारा मिळतो, आणि एसएसडी, डिस्क व रॅम त्याच गटात जोडली जाते, म्हणून त्यांचीही बिले एकाच फाइलला लावून ठेवली आहेत.